वाऱ्याकडचा कोपरा

"बाँब असेल तर आत्ताच सांगा. मी बाहेर जाऊन बसतो."

तहसीलदारसाहेब हे हसत म्हणाले, पण खुर्ची त्यांनी खरोखरच हातभर मागं सरकवली. टेबलावर गोणपाटाचा तुकडा आणि त्यावर ती वस्तू. वीतभर उंच. खाली आठ कोनांची बैठक, वर घुमट, घुमटाच्या टोकाला मिटलेली कमळाची कळी. सगळी काळी-राखाडी, मातीनं लिंपलेली. एका हातानं उचलायला गेलो तर मनगटातून कळ आली. औरंगाबादेहून दीड दिवस धक्के खात मी ती ओळखायला आलो होतो आणि मला ती ओळखू येत नव्हती.

"बाँब नाही," मी म्हणालो.

"मग काय आहे?"

"बघतो."

पुढचे तीन दिवस मी याच एका शब्दावर काढले.

मी तेव्हा पुराणवस्तू खात्यात टेक्निकल असिस्टंट होतो. नाव मोठं, काम साधं. कुणाच्या शेतात, विहिरीत, पडक्या भिंतीत जुनं काही निघालं, की जायचं, बघायचं आणि लिहायचं. काय आहे, कशाचं आहे, सरकारनं ठेवावं की ज्याचं त्याला परत द्यावं. वय सव्वीस, नोकरी कच्ची. छप्पनच्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला आणि आम्हा सगळ्यांच्या नोकऱ्या नव्या याद्यांवर चढायला लागल्या. कोण वर, कोण खाली, कोण घरी, कुणाला काही कळत नव्हतं. माझं कन्फर्मेशन, म्हणजे नोकरी पक्की झाल्याचा कागद, आमच्या साहेबांच्या टेबलावर पडून होतं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी मूळचा पाथरीचा, म्हणजे याच परभणी जिल्ह्याचा. कचेरीतल्या अंमलदारांची नावं सांगत नाही. कचेरीतली माणसं गेली, पण त्यांची लेकरं आहेत.

वस्तू सापडली गुणाजीला. राणीसावरगावच्या अंगाला एक लहानसं गाव आहे, तिथला हा शेतकरी. त्याच्या शेताला लागून जुन्या गढीचा ढिगारा. आजानं मरताना सांगितलं होतं म्हणे, की गढीच्या उगवतीला सात पावलांवर दफिना आहे. दफिना म्हणजे पुरलेलं धन. आमच्याकडं जुनी माणसं हाच शब्द वापरत. गुणाजी चार उन्हाळे खणत होता. सात पावलं कुणाची धरायची, आजाची की स्वतःची, हे न ठरल्यामुळं त्यानं तीन खड्डे केले होते. तिसऱ्या खड्ड्यात कुदळ खणकन वाजली.

मग गावानं आपापल्या परीनं डोकं चालवलं. पोलीस पाटील आधी ओरडला, बाँब आहे, लांब व्हा! त्याचंही खोटं नव्हतं. अठ्ठेचाळीसचा, पोलीस ॲक्शनच्या वेळचा धुमाकूळ लोकांच्या डोळ्यांपुढून गेला नव्हता आणि शेतात पुरून ठेवलेलं काही निघालं, की आधी बंदूक नाहीतर बाँबच आठवायचा. दुसऱ्या दिवशी केरबा नावाच्या म्हाताऱ्यानं जवळून पाहिलं आणि हात जोडले. घुमट, खाली बैठक, काळा रंग. महादेवाची पिंड! झालं. संध्याकाळपर्यंत बेलाचा ढीग पडला. चौथ्या दिवशी गुणाजीच्या शेतात ओटा उभा राहिला. गुणाजी एकटाच बोंबलत होता, की ही पिंडही नाही आणि बाँबही नाही, हंड्याचं झाकण आहे आणि हंडा खाली आहे. देऊळ कुठं बांधायचं यावरून दोन आळ्यांत काठ्या निघाल्या, तेव्हा सरकारनं पंचनामा करून, म्हणजे चार साक्षीदारांपुढं जसं आहे तसं लिहून घेऊन, वस्तू कचेरीत आणली आणि खड्ड्यावर शिपाई बसवला.

"सोमवारी गाव येणार आहे," तहसीलदार म्हणाले. "देव असेल तर देव म्हणा, डबा असेल तर डबा म्हणा. पण काहीतरी म्हणा."

आज शुक्रवार होता.

पहिला दिवस बरा गेला, कारण हाताला काम होतं. आधी वाटलं शिसं असेल. शिसं कागदावर ओढलं तर पेन्सिलीसारखी रेघ उमटते. रेघ उमटली नाही. तळाला कानस लावून तेजाबाचा एक थेंब टाकला. बुडबुडे आले. म्हणजे जस्त. रिठ्याच्या पाण्यानं माती सोडवली, खडूची भुकटी लावून मऊ कापडानं घासत बसलो. दुपारी तीनच्या सुमाराला काळ्यात एक पांढरी रेघ चमकली. मग दुसरी. मग पान, देठ, खसखशीचं फूल. सगळं चांदीच्या तारेचं, आत ठोकून बसवलेलं.

ही बिदरी. बिदरला जस्तात थोडं तांबं घालून ओततात, त्यावर कोरून चांदी बसवतात आणि जुन्या किल्ल्याची माती आणि नवसागर लावून धातू काळा करतात. चांदी मात्र पांढरी राहते. जुन्या घरांतून बिदरीचे हुक्के, पानदान, तबकं तुम्ही पाहिली असतील. म्हणजे पहिल्या दिवशी मला धातू कळला, काम कळलं, अंदाजे काळही कळला. फक्त वस्तू काय आहे ते कळलं नाही.

शनिवारी मी वेडा व्हायचा राहिलो. हुक्क्याचं बूड म्हणावं, तर आतून पोकळ हवं. हे भरीव. झाकण म्हणावं, तर बसायला काठ हवा. काठ नाही. तोलायचं माप म्हणावं, तर वजन कुठल्याच शेरात बसेना. दिव्याची बैठक म्हणावी, तर वर कळी. काठीची मूठ म्हणावी, तर खाली भोक नाही. तळाला सुताचे दोन जुने धागे चिकटले होते. त्यावरून मी शहाणपणानं वहीत लिहिलं, 'वस्तू कापडात गुंडाळून पुरली असावी.' आणि आणखी एक होतं. एका बाजूचं फूल पूर्ण उमललेलं, बरोबर विरुद्ध बाजूला नुसती पानं. हे कशासाठी, काही केल्या सुचेना. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचो, आत येऊन ती वस्तू फिरवून बघायचो, परत बाहेर. जेवणावरून उठलो आणि पुन्हा टेबलापाशी. साहेबांनी आपल्याला एकट्याला पाठवलं आणि आपण 'ओळख पटली नाही' असं लिहून परत जाणार, हे मला सहन होत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या वस्तूचा राग यायला लागला होता.

या सगळ्या वेळात मला पाणी आणून देणारा माणूस इमामभाई. पन्नाशीचा, उंच, वाकलेला, पांढरी दाढी नीट कातरलेली. ग्लास ठेवायचा, एक क्षण वस्तूकडं बघायचा, निघून जायचा. मी त्याला कधी काही विचारलं नाही. पाणी देणाऱ्याला काय विचारायचं?

त्याचा हुद्दा फर्राश. निजामी काळात कचेरी जमिनीवर बसायची. खाली मोठी सतरंजी, वर पांढरी चादर, अंमलदाराला गादी आणि तक्के. हे सगळं हाथरायचं, झटकायचं, गुंडाळायचं, त्याला फर्राश म्हणत. टेबल-खुर्च्या आल्या आणि सतरंज्या कोठीत गेल्या. इमामभाई पाणी भरायला लागला, कंदिलाच्या काचा पुसायला लागला. कचेरीमागच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको राहायचे. ती खोली नोकरीबरोबरची.

आणि आता वरून यादी आली होती. कचेरीतली सगळी पदं, पदासमोर माणसाचं नाव, नावासमोर एक चौकट, 'पदाचा उपयोग'. मुंबईच्या नियमात फर्राश हे पदच नव्हतं. आमचे तहसीलदार साताऱ्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला हा शब्दच नवा.

"आमच्याकडे शिपाई असतो, पट्टेवाला असतो," शनिवारी संध्याकाळी ते माझ्यासमोरच इमामभाईला म्हणाले. "तुमच्यापुढं मी उपयोग काय लिहू?"

"सतरंजी हाथरतो, साब."

"कुठाय सतरंजी?"

"कोठीत हाय. गुंडाळून ठिवलीया."

कारकून हसले. मीही हसलो. इमामभाई रिकामा ग्लास घेऊन निघून गेला. चौकट कोरी राहिली. कोरी गेली तर पद गेलं, पद गेलं तर खोली गेली, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सोमवार उजाडला आणि अकराच्या सुमाराला बैलगाडी आली. गुणाजी, त्याची बायको कोंडाबाई, केरबा आणि मागं दहा-बारा माणसं. केरबानं टेबलावरची वस्तू पाहिली आणि चपला काढल्या. मी ती घासून चमकवली होती. चांदीची फुलं बघून त्याचा विश्वास दुप्पट झाला.

"बगा की साहेब, अंगावर बेलाची पानं हायेत!"

"बेलाची नाहीत, खसखशीची आहेत," मी म्हणालो.

"तुमाला काय कळायलंय?"

खरंच होतं, मला काय कळत होतं?

गुणाजी माझ्या कानाशी आला. "साहेब, झाकण हाय म्हणून लिव्हा. एवढा खड्डा मला खोल करू द्या. हंडा हाती लागला की तुमालाबी इसरणार न्हाई."

"गप बसा की वो," कोंडाबाई मागून म्हणाली. "चार वर्सं झाली, पेरायचं सोडून खणायलाय नुस्तं. मी वैतागले बगा, साहेब. देव निगू द्या न्हाईतर भूत निगू द्या, पण आमचं वावर मोकळं करा."

चैत्र संपत आला होता. त्या दिवशी सकाळपासून वारं सुटलं होतं, आमच्याकडं उन्हाळ्यात सुटतं तसं, गरम आणि धुळीचं. खिडकीचं दार आपटलं आणि टेबलावरचे कागद उडाले. तहसीलदारांनी झडप घालून यादी धरली, टेबलावर टाकली आणि हाताला आलं ते तिच्यावर ठेवलं. ती वस्तूच. केरबा "अवो अवो!" करत पुढं धावला.

दारात इमामभाई पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. तो हसला. मोठ्यानं नाही. पण मी तीन दिवस त्या माणसाला पाहत होतो, तो एकदाही हसला नव्हता.

"काय झालं हसायला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"काही न्हाई, साब."

"नाही, सांगा. काय झालं?"

तो तहसीलदारांकडं बघायला लागला, मग माझ्याकडं, मग दाराकडं. तांब्या हातातच. मला एकदम लख्ख कळलं. या माणसाला माहीत आहे! शुक्रवारपासून माहीत आहे!

"इमामभाई, ही वस्तू तुम्ही ओळखता?"

"मी कशाला वळखू, साब? मी गरीब माणूस हाय."

"ओळखता. मग बोलला का नाहीत तीन दिवस?"

तांब्या त्यानं दुसऱ्या हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "साब, दफिन्याची चीज. मी म्हणालो वळखतो, की पुढचा सवाल येतो, तुला कसं म्हाईत? कुठं बघितलं? अठ्ठेचाळीसच्या साली मला लय सवाल इचारले लोकांनी. तवापासून मला काही म्हाईत नसतं."

कारकुनांनी कागदांत डोकं घातलं. केरबासुद्धा खाली बघायला लागला.

तहसीलदार उठले. स्वतःची खुर्ची त्यांनी बाजूला केली. "इमामभाई, मी विचारतोय. सरकारी काम म्हणून विचारतोय. सांगा. तुम्हाला उलट कुणी काही विचारणार नाही."

इमामभाईनं तांब्या खाली ठेवला. "सांगून काय व्हतंय, साब? दावतो."

तो कोठीत गेला आणि खांद्यावर सतरंजीची गुंडाळी घेऊन आला. सोबत फरशीचे तीन तुकडे. व्हरांड्यात उभा राहिला, तोंड वर करून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि मग एका झटक्यात सतरंजी सोडली. ती सळसळत उलगडली, पण लगेच वाऱ्याकडचा कोपरा उठून उलटा पडायला लागला. इमामभाईनं दोन्ही हातांनी ती वस्तू उचलली, गुडघा टेकला आणि त्या कोपऱ्यावर ठेवली. कोपरा जागेवर बसला. मग उरलेल्या तीन कोपऱ्यांवर फरशीचे तीन तुकडे. वारं घोंगावत होतं, सतरंजी पोटाशी फुगत होती, पण जागची हलत नव्हती.

"मीर-ए-फर्श म्हणतेत ह्याला," तो म्हणाला. "फर्शाचा, म्हंजी बिछायतीचा सरदार. चार असतेत. चार कोन्यांवर चार. पैला वाऱ्याकडचा कोना धरायचा, मग बाकीचे. उलटं केलं तर सतरंजी तोंडावर येती. माझ्या बापानं जागीरदाराच्या बैठकीत असे चार मांडलेत, मी पोरगा असताना बघितलेत. आमच्या कचेरीत दगडाचेच व्हते."

मी सतरंजीपाशी खाली बसलो. तळाचे सुताचे धागे! कापडात गुंडाळलेली कुठली, ती कापडावर बसलेली होती. भरीव का, तर जड हवी म्हणून. झाकणासारखी का नाही, तर ती झाकण नव्हतीच. तीन दिवस मी ती टेबलावर ठेवून बघत होतो. जमिनीवर ठेवून एकदाही पाहिली नव्हती.

"आणि एका बाजूला फूल, एका बाजूला नुसती पानं?" मी विचारलं.

"फुलाचं तोंड गादीकडं. पाठ दरवाज्याकडं. बैठकीतल्या मालकाला फूल दिसलं पायजे." असं म्हणून त्यानं वस्तू थोडी फिरवली आणि फूल तहसीलदारांच्या खुर्चीकडं केलं.

केरबानं सतरंजीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "म्हंजी देव न्हाई म्हणा की." आणि चपला शोधायला लागला. चार दिवस वाहिलेला बेल वाया गेल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाईट वाटलं.

"मी चार वर्सं खपून सतरंजीचा दगूड काढला का?" गुणाजी म्हणाला. पण लगेच त्याचे डोळे चमकले. "चार असतेत म्हणालास न्हवं? मंग तीन खालीच हायेत!"

"तुमी चला घरी," कोंडाबाई म्हणाली, "मंग दाविते तुमाला चार कोने." सगळी कचेरी हसली. या खेपेला इमामभाईही हसला.

गाडी गेल्यावर तहसीलदारांनी मला आत बोलावलं. यादी समोर होती.

"आता मला लिहायला काहीतरी आहे," ते म्हणाले. "पण मी नुसतं लिहून भागणार नाही, वरचे मानायचे नाहीत. तुमच्या रिपोर्टात एक ओळ घाला, की वस्तूची ओळख या माणसानं पटवली, याला जुन्या सरंजामाची माहिती आहे. तज्ज्ञ खात्याचा रिपोर्ट जोडला की मी 'पद ठेवावे' असा शेरा मारतो. यादी मी आठ दिवस अडवून धरतो. त्यापेक्षा जास्त मला जमणार नाही."

"एक ओळ काय, पॅरा घालतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

निघताना इमामभाईनं माझी बॅग स्टँडपर्यंत आणली. काही मागितलं नाही. एवढंच म्हणाला, "साब, नाव नीट लिव्हा. इमाम वल्द कासीम." मी बापाच्या नावासकट वहीत लिहून घेतलं. देवगाव फाट्यावर गाडी चहाला थांबली, तेव्हा मी वही काढून पुन्हा वाचलं.

औरंगाबादेत साहेबांनी वस्तू हातात घेतली आणि खूश झाले. "वा! मीर-ए-फर्श! बिदरीचा! आपल्याकडं एकही नव्हता." मग रिपोर्ट वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर थांबले.

"हा फर्राश कोण?"

"ज्यानं ओळखलं तो, सर."

"आणि तुम्हाला कशाला पाठवलं होतं?"

मी वहीतलं ते पान उघडून पुढं केलं.

"हे बघा," साहेब शांतपणे म्हणाले, "हा रिपोर्ट मुंबईला जाणार. तिथं आपलं खातं आधीच कोण विचारतंय? तज्ज्ञाला कळलं नाही आणि पाणक्याला कळलं, हे आपण लिहून पाठवायचं? 'पाहणीअंती निष्पन्न झाले' असं लिहा. खोटं काय आहे त्यात?"

"सर, त्या माणसाची नोकरी..."

"ते त्यांच्या कचेरीचं काम. तुमच्या नोकरीचं काम माझ्याकडं आहे." बोट त्यांनी फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवलं. माझं कन्फर्मेशन कुठल्या फायलीत आहे, हे मला पाठ होतं.

मी फेअर कॉपी केली. ओळ गाळली. नक्कल तालुक्याला सहाव्या दिवशी पोचली, म्हणजे वेळेत. तहसीलदारांचं एक कार्ड आलं, 'रिपोर्ट मिळाला. आभारी आहे.' बाकी काही नाही. महिनाभरात मी कन्फर्म झालो. यादीचं काय झालं, हे मी कुणालाही विचारलं नाही. कळायला नको म्हणून विचारलं नाही, हे आज कबूल करतो. पण स्वस्थ असं वाटत नव्हतं. म्युझियमच्या खोलीत त्या कपाटावरून जाताना मी पलीकडच्या भिंतीकडं बघत जायचो.

दोन वर्षं गेली. एका सकाळी म्युझियमचा पहारेकरी आला, की एक म्हातारा काचेपाशी उभा आहे, हलत नाही आणि साहेबांना बोलवा म्हणतो. मी गेलो. पाठ बघूनच ओळखलं. खुलताबादच्या उरुसाला आला होता, वाटेत उतरला.

"सलाम, साब. उलटं ठिवलंय."

"काय?"

"फुलाचं तोंड भिंतीकडं हाय. बघणाऱ्याकडं पायजे."

मी कुलूप काढून वस्तू फिरवली. मग न विचारता राहवलं नाही. "कसं चाललंय, इमामभाई? कचेरी काय म्हणते?"

"कचेरी? ती गेली की, साब. तुमी येऊन गेले त्याच उन्हाळ्यात. खोलीबी गेली. आता पोरीकडं ऱ्हातो, परभणीला." तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. मी विचारलं म्हणून सांगितलं. मग त्यानं काचेतल्या लेबलावर बोट ठेवलं. "मला उर्दू येतं, बाळबोध येत न्हाई. काय लिव्हलंय? माझं नाव हाय का त्यात?"

लेबल मीच लिहिलं होतं. त्यावर तीन ओळी आणि खाली नोंदीचा नंबर होता. मी वाचायला लागलो. "मीर-ए-फर्श. सतरंजीच्या कोपऱ्यावर ठेवायचं वजन. बिदरी काम, गंगाखेड तालुका." आणि तिथं थांबायला हवं होतं. मी पुढं वाचत गेलो. "ओळख पटवणारे, इमाम वल्द कासीम, फर्राश."

त्यानं मान हलवली. ज्या ओळीवर बोट ठेवलं होतं, ती वस्तूच्या नोंदीच्या नंबराची होती. तिच्यावर त्यानं बोट हळूच एकदा फिरवलं. "फर्राश लिव्हलंय म्हणा की," तो म्हणाला. "बरं झालं. घरी सांगतो." सलाम करून तो गेला. चहा घ्या म्हणालो, तर गाडी चुकेल म्हणाला.

मी खोलीत जाऊन दार लावलं आणि रडलो. मग नवीन कार्ड कापलं आणि जे वाचून दाखवलं होतं तेच अक्षर न् अक्षर त्यावर लिहिलं. लेबल बदललं. दुपारी साहेब फेरीला आले, कपाटापाशी थांबले.

"ही ओळ कुणी मंजूर केली?"

"मी, सर."

मेमो मिळाला. मेमो म्हणजे खुलासा मागणारा कागद. मी दोन वाक्यांत खुलासा दिला आणि लेबल काढलं नाही. मी रिटायर होईपर्यंत ते तिथंच होतं. पण त्यानं इमामभाईची खोली काही परत मिळाली नाही. आठ दिवसांत जी ओळ लागत होती, ती मी दोन वर्षांनी लिहिली होती.

त्यानंतर तीस वर्षं मी रिपोर्ट लिहिले. 'निष्पन्न झाले' हा शब्द पुन्हा वापरला नाही. कुणाकडून कळलं, त्याचं नाव आधी लिहायचो, बापाच्या नावासकट. मग वस्तू.